ओळंब्यात नसलेली तार

भाऊ, बंगल्यातून तुमची पिशवी मीच घेऊन आलो. थापी, गिलाव्याचा रंधा, छिन्नी, दोन हातोड्या आणि सुतळी गुंडाळलेला तो पितळी ओळंबा. सगळ्यावरचा चुना धुतला, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि पुन्हा भरून ठेवलं. हत्यार धुतल्याशिवाय तुम्ही कधी घरी गेला नाहीत, तेवढं तरी आपण करावं असं वाटलं. दुसरं काय करणार होतो? चौदा वर्षं मी भिंतीत खाच पाडायची आणि तुम्ही ती गिलाव्यानं बुजवायची, असं आपलं चाललं होतं. आता खाच पाडून मी उभा आहे आणि बुजवायला कोणी नाही.

लोणावळ्यात लोक येऊन भेटतात. गबाजी मिस्त्रीसारखा गवंडी पुन्हा होणे नाही म्हणतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात. तुझा भाऊच गेला रे, असं मला म्हणतात. मी मान हलवतो. मला भिंतीत तोंड घालून बसावंसं वाटतं. कारण चार वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. ते माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. पंधरवड्यापूर्वी तुम्हाला कळलं असेल, पण कळायला तुमच्यापाशी किती वेळ होता कोण जाणे.

आधी आपल्या पहिल्या बंगल्याबद्दल बोलू द्या. तेवढी सवलत द्या मला.

मी घाटाखालच्या वीजघरात दोन वर्षं काम शिकून वर आलो होतो. वायरमन म्हणवून घेत होतो आणि अंगात मस्ती होती. मुंबईच्या शेठ लोकांना हवा खायला बंगले हवे होते आणि बंगल्यात बिजली हवी होती. तोवर तारा भिंतीवरून लाकडी पट्टीत घालून नेत. पण शेठाणींना ती पट्टी डोळ्यासमोर नको असे. भिंत कोरी दिसली पाहिजे. म्हणून लोखंडी पाइप भिंतीत पुरायचा, त्यावर गिलावा करायचा, आणि गिलावा वाळला की पाइपातून तार ओढून घ्यायची. मला जिथून जवळ पडेल तिथून मी पाइप नेत असे. आडवा, तिरका, कसाही. गिलाव्याखाली कोणाला दिसणार आहे?

आणि काही ठिकाणी, हे मी तुम्हालाही उशिराच सांगितलं, पाइपच घालत नसे. नुसतीच तार चुन्यात दाबत असे. तशाच एका तारेवर तुम्ही खुंटीसाठी खिळा ठोकलात. निळी ठिणगी उडाली आणि तुम्ही मागच्या चुन्याच्या ढिगात जाऊन बसलात. मी धावत आलो. तुम्ही पांढरेफटक, मिशासुद्धा पांढऱ्या. थोड्या वेळानं तुम्ही हात झटकून म्हणालात, लय तिखट हाय की तुझी वीज. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओळंबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. मला वाटलं, आता शिव्या. तुम्ही बटणाच्या जागेवर बोट ठेवलं, वर तुळईपासून ओळंबा सोडला आणि सुतळीवरून कोळशानं सरळ रेघ ओढलीत. म्हणालात, "तार हितूनच जायला पायजे. बटणाच्या सरळ वर, न्हाईतर सरळ खाली. मंग मागनं येनाऱ्या गवंड्याला कळंल, कुटं छिन्नी मारायची न्हाई ते."

मी म्हटलं होतं, मागून येणारा गवंडी कोण, तुम्हीच ना? तुम्ही म्हणालात, मी असंन न्हाईतर माझ्यासारखा दुसरा कुनी असंल, जीव त्योच हाय. हे मी तेव्हा नीट ऐकलंसुद्धा नाही. मला घाई होती.

पण नियम तुमचाच झाला. वीजघरातल्या साहेबानं मला अर्थिंग शिकवलं, सांधे बांधायला शिकवलं. भिंतीतली तार सरळ असावी आणि ती का असावी, हे मला एका गवंड्यानं शिकवलं. पुढे पुढे मी नवीन पोरांना हे माझं म्हणून सांगू लागलो. तुम्ही बाजूला चुना कालवत ऐकायचात आणि मिशीत हसायचात.

एकाच गोष्टीवर आपलं कधी पटलं नाही, ते म्हणजे पाणी. तुमचं म्हणणं, गिलावा केला की पंधरा दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं पाहिजे, नाहीतर तो पिठासारखा गळतो. माझं म्हणणं, चुन्याच्या ओलीत तारेवरचं सुती वेष्टण कुजतं, मग आतलं रबर तडकतं आणि तार उघडी पडते. आपल्या लोणावळ्यात चार महिने वरून पाऊस, भिंती आधीच भिजलेल्या, त्यात तुमच्या बादल्या. मी चहाला गेलो की तुम्ही हळूच भिंतीवर पाणी मारायचात. मी परत येऊन ओरडलो की म्हणायचात, घाम आलाय रं तिला. शेवटी तह झाला. पाइपाची तोंडं मी मेणानं बंद करायची, तुम्ही हवं तेवढं पाणी मारायचं, आणि भिंत बोटाला कोरडी लागल्याशिवाय मी तार ओढायची नाही. तरीही भांडण संपलं नाही. तुम्ही म्हणायचात मी भिंतीला तहानेनं मारतो, मी म्हणायचो तुम्ही तिला बुडवून मारता. ते भांडण कोण जिंकलं, भाऊ? मला आता जिंकायचं नाही.

मला विषमज्वर झाला होता ते साल आठवतं? महिनाभर मी अंथरुणावर होतो. खंडाळ्याचं काम हातचं जाणार म्हणून मी तापात बडबडत होतो. उठून कामावर गेलो तर सगळ्या खाचा पाडून तयार, एकूण एक ओळंब्यात. तुम्ही तुमचं काम संपवून रोज दोन तास माझं करत होता. मी काही बोलायच्या आत म्हणालात, पाइप तेवढं तू बसव, त्यातलं मला कळत न्हाई. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुमच्यासमोर ते शब्द बोलायची लाज वाटायची. आज मानतो तर ऐकायला तुम्ही नाहीत.

आता त्या भिंतीचं सांगतो.

लढाईची वर्षं होती. लोखंड सगळं लढाईकडे चाललं होतं. पाइपाचा तुकडा मिळत नव्हता, चांगली तारही मिळत नव्हती. तुंगार्लीच्या बाजूचा मुंबईच्या एका शेठचा बंगला आपण पाइपाचे जुने तुकडे जोडजोडून जवळजवळ पुरा केला, आणि पश्चिमेच्या खोलीची एक भिंत उरली तेव्हा पाइप संपला. अश्विन सरत आला होता. तुमचं भात कापणीला आलं होतं. तुमच्या आंदर मावळातले सगळे गवंडी त्या दिवसांत गावाकडे जातात आणि त्यांना कोणी थांबवू शकत नाही, हे शेठलाही माहीत होतं. तुम्ही निघताना मला दोन गोष्टी सांगितल्यात. पाइप नाही तर वरून लाकडी पट्टी मार. आणि शेठ नाहीच म्हणाला, तर मी येईपर्यंत थांब. ओळंबा माझ्या हातात दिलात. म्हणालात, ऱ्हाऊ दे तुझ्याकडं, भात कापायला मला वळंबा लागत न्हाई.

शेठ दिवाळीला कुटुंब घेऊन येणार म्हणून निरोप आला. पट्टी चालणार नाही म्हणून पुन्हा निरोप आला. मी पाइपाविनाच तार पुरायचं ठरवलं. तेवढंच असतं तर तुम्ही मला चार शब्द सुनावले असते आणि गोष्ट मिटली असती. पण तारही कमी पडली. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून तुळईखालून आडवी नेऊन, मग बटणावर सरळ खाली आणायची, तर अडीच हात तार कमी. पुण्याला माणूस पाठवला, तो रिकामा आला. मग मी कोपऱ्यातून थेट बटणापर्यंत तिरकी खाच पाडली. तार पुरली. एक हात उरलीसुद्धा. घाटाखालचा एक गवंडी दोन दिवसांसाठी आणला आणि त्याच्याकडून गिलावा करून घेतला. तुमचा ओळंबा दाराच्या खिळ्याला लटकत होता.

मी त्या वेळी असंच म्हटलं स्वतःला, लोखंड मिळू लागलं की बदलू. लढाई काय जन्मभर चालणार आहे?

तुम्ही दिवाळीनंतर परत आलात. धोतराच्या फडक्यात नव्या आंबेमोहराचे तांदूळ माझ्यासाठी बांधून आणले होते. सगळी खोली त्या वासानं भरली. तुम्ही आधी भिंतीपाशी गेलात, तळहात फिरवलात, गिलावा कुनी केला, हात बरा हाय त्याचा, असं म्हणालात. पाइप मिळाला नाही हे मी सांगितलं. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात. लोखंड आल्यावर बदलायचं माझ्याकडून कबूल करून घेतलंत. मग ओळंबा उचलून पिशवीत ठेवता ठेवता सहज विचारलंत, "तार वळंब्यात हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आहे."

एवढंच. का म्हणालो? तुम्ही रागावले असता म्हणून नाही. तुम्ही रागावत नव्हताच. तुम्ही गप्प बसला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता ती भिंत फोडायला घेतली असती, दुसऱ्याचा चांगला गिलावा मोडून. आणि तांदळाचं फडकं माझ्या हातात होतं. मला त्या क्षणी तुमच्या डोळ्यांत लहान व्हायचं नव्हतं. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी, भाऊ.

लढाई संपली. पाइप पुन्हा मिळू लागले. मी नव्या बंगल्यांना ते घातले. शेठच्या बंगल्यावरून जाताना दर वेळी वाटायचं, एक दिवस काढून ती भिंत करून टाकू. पण ती फोडायची तर तुम्हाला बोलवावं लागलं असतं, आणि फोडल्यावर तुम्हाला ती तिरकी तार दिसली असती. म्हणून तो दिवस निघाला नाही.

यंदा पावसात त्या भिंतीला ओल आली. गिलाव्याला फुगे आले, पापुद्रे सुटले. शेठचा निरोप तुम्हाला गेला. मी पुण्याला होतो. मला विचारायचं कारण नव्हतं, गवंड्याचं काम होतं. कापणी तोंडावर आलेली, म्हणून तुम्ही एका दिवसात उरकायचं ठरवलंत.

पुढचं मला बंगल्याच्या माळ्यानं सांगितलं. मारुती त्याचं नाव, तुम्हाला त्याची पोरंबाळंसुद्धा माहीत आहेत. पावसाची झड अडवायला लावलेली झापं अजून व्हरांड्याला बांधलेली होती, त्यामुळे भर दुपारीही खोलीत अंधार. भिंत दिसायला दिवा लावावा लागत होता. मारुती म्हणाला, मिस्त्री, मेन बंद करू का, मी बाहेरून कंदील आणतो. तुम्ही नको म्हणालात. तुमचे शब्द त्यानं जसेच्या तसे मला सांगितले. त्याला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल.

"कशाला? तार इष्णूनं घातलीया. कुटं हाय ती मला ठावं हाय."

पोलीस आले, पंचनामा झाला. जुनी तार, ओली भिंत, अपघात. कोणी मला एक प्रश्न विचारला नाही. निरोप मिळताच पुण्याहून आलेला मी पंचांच्या मागे उभा होतो. कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. शेठनं हळहळ कळवली. त्यात नशिबाचा शब्द होता.

सगळे गेल्यावर मी मेन बंद करून त्या खोलीत गेलो. मारुतीनं झापं सोडली, उजेड आला. आणि मला भिंतीवरची रेघ दिसली.

तुम्ही तुळईपासून ओळंबा सोडून बटणापर्यंत कोळशानं सरळ रेघ ओढली होती. जिथं तार असायला हवी होती तिथं. पाइप नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड दीड हात भिंत सोडली होती. जुना गिलावा सुटावा म्हणून मारलेलं पाणीसुद्धा तेवढी जागा सोडूनच मारलं होतं. चुन्यावर ओलीचे डाग पडले होते आणि मधला पट्टा कोरडा ठणठणीत होता. माझ्यासाठी. आपल्या भांडणात तुम्ही माझं म्हणणं ऐकलं होतं. आणि मग छिन्नी दूर, ओल्या बाजूला, निर्धास्तपणे मारली होती. माझी तार तिथून जात होती.

मी खाली बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मला ओरडायचं होतं, आणि तुम्ही घाबराल असं काहीतरी वाटून मी ओरडलोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाइप घेऊन गेलो. तिरकी तार पूर्ण उकरून काढली. वेष्टण कुजलेलं, रबर हाताला चुरा होऊन लागत होतं. तुमच्या कोळशाच्या रेघेवर नवी खाच पाडली आणि तीत लोखंडी पाइप बसवला. अर्थिंग केलं, तोंडं मेणानं बंद केली. तुमच्याच ओळंब्यानं तीनदा तपासलं. तारेची वाट आता तुम्हाला वाटत होती तिथंच आहे. याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं. करत असतानाही कळत होतं. खाच अजून उघडीच आहे. दुसऱ्या गवंड्याला बोलवायला माझी जीभ वळत नाही.

काल पिशवी घेऊन मी तुमच्या गावी गेलो. कामशेतला गाडीतून उतरून चालत निघालो. ही वाट आपण दोघं किती वेळा चाललो. तुम्ही पुढं, मी मागं धापा टाकत, आणि तुम्ही म्हणायचात, वीजवाल्याच्या पायात कायबी वीज न्हाई. वाटेत दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं. कापणी लागली होती. तुमच्या खाचरातही लागली होती. भाऊबंद आले होते आणि वहिनी विळा घेऊन त्यांच्याबरोबर वाकलेल्या होत्या. तेरावा होऊन तीन दिवसही झाले नव्हते, पण भात कोणासाठी थांबणार? मला पाहून त्या बांधावर आल्या. पिशवी घेतली, उघडून पाहिली नाही, मांडीवर ठेवली. मला पाणी दिलं. म्हणाल्या, भावजी, तुमी हितं असता तर असं झालं नसतं.

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. अडीच हात तार, तिरकी खाच, आंबेमोहराचं फडकं, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. वाटलं, त्या शिव्या देतील. पिशवीतली हातोडी काढून फेकतील. त्यांनी मला हाकलून द्यावं अशी माझी इच्छा होती, तेवढ्यासाठीच मी इतका चालत आलो होतो की काय असंही वाटलं. वहिनी भाताकडे बघत राहिल्या. कापणारे थांबून आमच्याकडे बघायला लागले तेव्हा त्यांनी पदर सारखा केला.

"त्यास्नी ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. शेवटपर्यंत नाही.

"ते म्हनायचं, इष्णूचं काम म्हंजी डोळं झाकून हात घालावा." त्यांनी मांडीवरची पिशवी बांधावर ठेवली. मग म्हणाल्या, "मंग आता त्यास्नी सांगू नका."

त्यांनी विळा उचलला आणि परत खाचरात उतरल्या. मी बांधावर बसून राहिलो. मी कापायला उतरावं की निघून जावं, हेही मला कळेना. संध्याकाळी निघताना त्यांनी पिशवीतून ओळंबा काढून माझ्या हातात ठेवला आणि घरात गेल्या.

ओळंबा आता माझ्यासमोर टेबलावर आहे. वहिनींचं ऐकायचं असं येताना सगळ्या वाटेनं मी घोकत आलो. त्या माउलीनं आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली, आणि तीही तुमच्यासाठी. मी ऐकणार होतो. पण मी तुमच्याशी चौदा वर्षांत एकदाच खोटं बोललो आहे, आणि तेच तुमच्यापाशी राहिलं आहे. तुम्ही ते घेऊन गेलात. मला ते सहन होत नाही, भाऊ. वहिनी मला माफ करोत, तुम्ही नका करू.

तुम्ही विचारलं होतं, तार वळंब्यात हाय न्हवं?

नव्हती, भाऊ.